‘मी’ला नकार



उपवासकाळ आला की आपल्यापैकी कोणी मांसाहार वर्ज्य करतो, कोणी चहा सोडतो. पुनरुत्थानाचा सण उजाडताच सोडलेले सारे परत येते. यात गैर काही नाही. परंतु प्रभूने शिष्यांकडे मागितलेला आत्मत्याग तो हाच काय?

मार्क ८:३४ मध्ये आत्मत्यागासाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, तेच मार्क १४:७२ मध्ये पेत्राच्या नाकारण्यासाठी आले आहे. त्या रात्री पेत्राने एखादी वस्तू सोडली नाही. त्याने नाते नाकारले. स्वतःला राखण्यासाठी त्याने प्रभूला परके केले. शिष्याने याच्या नेमके उलट करावयाचे आहे. प्रभूला राखून ‘मी’ला परके करावयाचे, आणि लूक ९:२३ प्रमाणे तेही दररोज!

आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. संस्कृत हे त्यांचे वैभव होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर साध्यासुध्या, अल्पशिक्षित स्त्रिया होत्या. त्यांना कळावे म्हणून बाईंनी संस्कृतप्रचुर भाषा बाजूला ठेवून सोपी मराठी योजिली. विद्या त्यांनी टाकली नाही. उलट इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. त्यांनी सोडला तो विद्येवरचा मान. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ साली. पेरणाऱ्या हातांनी कापणी पाहिली नाही.

येथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याने लादलेला अन्याय म्हणजे वधस्तंभ नव्हे. मार खाणाऱ्या सुनेला ‘आत्मत्याग कर’ असे सांगणे हा प्रभूच्या शब्दांचा विपर्यास होय. जगाने ज्यांना आधीच नाकारले होते, अशा विधवांना व दुष्काळग्रस्त मुलींना रमाबाईंनी आधी आसरा, शिक्षण व हाताला काम दिले. आत्मत्याग मागावयाचा तो स्वतःकडे.

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी वाचकहो, बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय आपल्याच नगरात आहे. देशातील कितीतरी भाषांत पवित्र शास्त्र पोहोचविण्याचे कार्य तेथून चालते. अशा प्रत्येक भाषांतरामागे कोणीतरी आपली बोली बाजूला ठेवून दुसऱ्याची बोली कान देऊन ऐकलेली असते. आपण मात्र नोकरीनिमित्त येथे येऊन वर्षानुवर्षे राहतो. आणि मंदिराचे अंगण झाडणाऱ्या बहिणीच्या घरी कोण आजारी आहे, हे तिच्या कन्नडात विचारण्याइतके चार शब्दही शिकत नाही. चुकीचे बोललो तर हसे होईल, ही भीती आपल्याला अडवते. ही भीती कोणाची? त्याच ‘मी’ची!

मराठी सोडा असे कोणी म्हणत नाही. रमाबाईंनी तरी संस्कृत कोठे विसरले? पण येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्या बहिणीपाशी थांबा, अडखळत का होईना, तिच्या भाषेत तिची विचारपूस करा. त्या अडखळण्यात तुमचा ‘मी’ थोडा लहान होईल, आणि तेथेच प्रभूला जागा मिळेल.

हे प्रभो, आम्ही तुझ्यासाठी वस्तू पुष्कळ सोडल्या. आता आम्हांला स्वतःला सोडावयास शिकव. आमेन.