आठवण गेली तरी माणूस विचारण्याजोगा आहे



शके १२१२ मध्ये माउलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली. त्या पैसाच्या खांबाला आपल्या जिल्ह्यातल्या किती वारकऱ्यांनी डोके टेकले असेल! तेथे नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांपाशी मागतात काय? धन नाही, मान नाही, अवधान मागतात. आता आपल्या घरात पहा. म्हाताऱ्या माणसाची आठवण जाऊ लागली की आपण त्याचे पहिले काय काढून घेतो? हेच अवधान. तो समोर बसलेला असतो आणि आपण त्याच्या देखत म्हणतो, "त्यांना काय विचारता, त्यांना काही कळत नाही."

या आजारास स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि या शब्दाने एक घोटाळा केला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह व संमोहापासून स्मृतिभ्रंश सांगितला आहे. ते ऐकलेले लोक आम्हांस विचारतात, "महाराज, आमच्या आबांना तर कधी राग नव्हता, मग हे कोणत्या जन्मीचे?" बाबांनो, तेथे विषय विवेक सुटण्याचा आहे. हा आजार मेंदूच्या पेशी झिजून होतो. जर्मनीतल्या डॉक्टर अल्झायमरांनी १९०६ साली त्यातल्या एका मोठ्या प्रकाराची लक्षणे प्रथम मांडली. आपल्या देशात साठी उलटलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यात पाप कोठे आले? आणि वय झाले म्हणून गप्पही बसू नये. थायरॉइडच्या किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. आधी डॉक्टरांना दाखवावे.

राहुरीकडच्या एका घरची गोष्ट. आबांनी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर अनेक वर्षे वारी केली. मग रस्ते विसरू लागले. पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्या भागात आली, की मुलगा बाहेरून कडी घाली. हरवतील ही त्याची भीती काही खोटी नव्हती. पण आबांना कोणी विचारलेच नव्हते. ते सुनेने विचारले. आबा म्हणाले, "पंढरपूर आता झेपायचं नाही, हे मला कळतंय गं. पण टाळ वाजतोय नि मी कडीच्या आत, हे सोसवत नाही." झाले! नातवाचा हात धरून कोसभर चालायचे, मग जीपने परत यायचे, असे ठरले. त्या एका प्रश्नावाचून हा मार्ग कोणास सुचला असता?

रेड्यामुखी वेद वदले यावर आपला भाव आहे. आळ्यास जाऊन आपण त्या रेड्याच्या समाधीपुढे हात जोडतो. आणि घरातला जाणता माणूस आपल्याच दुखण्याविषयी बोलला, तर ते आपल्याला खरे वाटत नाही!

परदेशात हे रुग्ण स्वतः उभे राहिले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ साली, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हा आजार असल्याचे सांगण्यात आले. त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली, सभांतून भाषणे केली, आणि २००३ साली अल्झायमर संस्थांच्या जागतिक संघाच्या मंडळावर त्या निवडून गेल्या. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रौढ माणसास अधिकार दिला आहे. पुढे मानसिक आजारात निर्णय घेण्याची शक्ती राहिली नाही, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. म्हणून विचारायचे ते लवकर विचारावे, बोल शाबूत आहे तोवर.

पुढे शब्दही जातात. तेव्हा हात पहावा, चेहरा पहावा. ताट सारले तर भूक नाही की दात दुखतो, ते पहावे. सकाळचे जेवण न आठवणारा माणूस पाठ असलेला हरिपाठ म्हणतो, कारण जुने, घोळून घोळून म्हटलेले बहुधा उशिरा जाते. त्याचा चमत्कार म्हणून मंडपात देखावा मात्र करू नये. आणि रात्रंदिवस उठबस करणाऱ्या सुनेलाही विचारावे. तिच्या कमरेचे दुखणे घरात कोणाच्या गणतीत नसते.

आषाढीच्या वाटेवर राहुरी, नगर, मिरजगाव येथे दिंड्या उतरतात. दिंडीचालकांनी अशा वारकऱ्याच्या खिशात नाव, गाव व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. तिच्या पाठीमागे त्याला काय आवडते, कशाने तो बिथरतो, कोणाजवळ निजायला आवडते, हे लिहावे. ते त्याच्याच तोंडून विचारून घ्यावे, त्याला वाचून दाखवावे आणि मग चिठ्ठी खिशात घालावी.