सायलेन्सर पुसताना

गाडी सावलीत घ्या. पावसाळा सरला आहे, खंडेनवमी उद्यावर आली आहे, आणि जळगावात या दिवसांत सकाळी नऊचं ऊनसुद्धा पाठ भाजतं. उन्हात लावलेलं पॉलिश फडकं फिरवायच्या आत वाळतं आणि पांढुरका थर धरून बसतं. म्हणून कडुनिंबाखाली जागा बघा. गाडी मेन स्टँडवर लावा. इंजिन रात्रीपासून बंद असू द्या. बेंड पाइपजवळ हाताची मागची बाजू न्या, ऊब लागत नाही याची खात्री झाली की मगच टेकवा. आता पाटावर बसा, डोळे सायलेन्सरच्या पातळीला येतील इतकं खाली.

फडकं अजून उचलू नका. आधी नुसतं बघा.

बेंड पाइप इंजिनातून निघतो तिथे निळा आहे. जरा पुढे जांभळी छटा, त्यापुढे सोनेरी, आणि मग स्वच्छ चंदेरी. हा रंग कुणी लावलेला नाही. धातू तापला की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. थराची जाडी बदलते तसा त्यातून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. जिथे ताप जास्त तिथे निळा, कमी तिथे सोनेरी. धुळ्यापर्यंतच्या चढउतारांत, एप्रिल-मेच्या लाहीत इंजिनाने किती सोसलं ते इथे उमटलेलं असतं. निळा फारच खाली उतरलेला दिसला तर कार्बोरेटर बघून घ्यायला हवा, पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल. पण थोडासा निळा हा गाडीच्या वयाचा भाग आहे. मी तो घासून काढत नाही. तुम्हीही राहू द्या, असं मला मनापासून वाटतं.

आता नजर खाली न्या. तळाशी काळ्या मातीचे शिंतोडे वाळून दगड झालेत. ही खान्देशाची कसदार माती, कपाशीला आणि केळीला पोसणारी. ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते. सायलेन्सरला चिकटली की तिथेही तेच करते. पावसाळाभर ती ओल लोखंडाशी लागून राहिली आहे. नखाने खरवडू नका. कोरडी घासली तर तिच्यातली कच चकाकीवर ओरखडे काढते. ओलं फडकं त्या भागावर गुंडाळा आणि थांबा.

या थांबण्यात काही करायचं नाही. कडुनिंबाचा पाला हलतो तो ऐका. रस्त्यावरून कुणी जाताना विचारेल, काय करी ऱ्हायना भाऊ? हात वर करा, हसा, पुन्हा पाइपकडे वळा.

माती भिजली की आपणच सुटते. साबणाच्या पाण्याने धुवा, आणि लगेच कोरडं पुसा. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. वाळलं की पांढरे ठिपके सोडतं.

आता जरा जवळून बघायचं आहे. चकाकी म्हणतो ती क्रोमची. लोखंडावर निकलचा थर, त्यावर क्रोमचा. शोभेच्या कामात क्रोमचा हा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. ज्या सायलेन्सरमध्ये तुमचा चेहरा दिसतोय त्याची चमक एवढ्याशा पापुद्र्यावर उभी आहे. हे एकदा मनात उतरलं की हाताचा जोर आपोआप कमी होतो. काचपेपर, तारेची घासणी, दोन्ही बाजूला ठेवा.

तांबूस ठिपके दिसताहेत? क्रोममध्ये सूक्ष्म छिद्रं असतात. ओल त्यातून खाली शिरते आणि लोखंडाचा गंज वर येतो. डब्यात पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल घ्या, तिचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यावर हलकेच फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. करडा गाळ निघेल. आधी खरखर लागेल, मग हळूहळू बोळा गुळगुळीत सरकायला लागेल. तो बदल कानाने टिपा, डोळ्यांना तो नंतर कळतो. काही ठिपक्यांच्या जागी बारीक खड्डा उरेल. तो भरणार नाही.

मग ब्रासो. जुन्या सुती बनियनचा तुकडा, त्यावर पॉलिशचे दोन थेंब. एका वेळी वीतभर भाग. छोटी वर्तुळं. फडकं काळं होत जाईल. तुकडा उलटा, स्वच्छ बाजू घ्या, पुन्हा तीच वीत. पुढच्या वितेकडे मन धावेल, तिला तिची पाळी येऊ द्या. एखाद्या जागी चंदेरीतून पिवळसर झाक डोकावली, तर तिथे हात थांबवा. ते खालचं निकल आहे. क्रोम तिथून गेलं. आता घासाल तेवढं नुकसान. फार वाटलं तर पुढे कधीतरी निकल करून आणता येईल.

हाताइतकंच मनही या कामात लागतं. गाडी ज्या धुळ्यापर्यंत जाते, तिथल्याच तुरुंगात 1932 साली विनोबा सोबतच्या कैद्यांना गीता सांगत होते आणि साने गुरुजी ती प्रवचनं उतरवून घेत होते. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली पाहिजे, त्या जोडीला विनोबांनी विकर्म म्हटलं. हात फिरतोय आणि मन उद्याच्या हप्त्यात अडकलंय, तेव्हा काय होतं ते या पाइपवर लगेच दिसतं: वर्तुळं मोठी होतात, जोर वाढतो, एक कोपरा सुटतो. मन परत आलं की वर्तुळ पुन्हा लहान होतं. परत आणा. रागावू नका, नुसतं आणा.

गाडी जुनी येझदी असेल तर एका सिलिंडरचे दोन सायलेन्सर, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही एवढाच वेळ. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, म्हणून मूळचं क्रोम अंगावर असलेली गाडी फार जपायची. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरवर काळा मॅट रंग असतो. त्याला पॉलिश लावूच नका, साबणपाणी आणि कोरडं फडकं पुरे.

आता तळहात सायलेन्सरच्या पोटावर ठेवा. आत पडदे आहेत, छिद्रं असलेल्या नळ्या आहेत. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला पन्नास स्फोट करतं, आणि ते सगळे या अंधारात आपटून, विखरून, शांत होऊन बाहेर पडतात. दवाखान्यासमोरून, शाळेसमोरून आपण जातो ते याच्या भरवशावर. हे पडदे काढून फटाके फोडत फिरणाऱ्या पोरांना एकदा असं बसवून हे पोट हाताने दाखवावं, असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट या अंधारात घडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं आणि वाफ होऊन इथूनच जातं. पाइप पुरता तापला नाही तर ती वाफ आतच पाणी होऊन साचते. दूध, भाजी, चौकातला चहा, एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी बाहेरून झळकत असताना आतून गंजत असते. तिथे आपलं फडकं पोचत नाही. तिथे फक्त ताप पोचतो.

म्हणून शेवटचं काम बसून करायचं नाही. स्वच्छ कोरड्या फडक्याने सगळा पाइप पुसून घ्या, बोटांचे ठसे राहिले तर तापल्यावर ते पक्के बसतात. तळाशी पाणी निथळायचं बारीक भोक असेल तर मातीने बुजलं आहे का बघा, बारीक तारेने मोकळं करा. मग किक मारा. सुरुवातीला पॉलिश जळाल्याचा वास येईल, थोडा धूर दिसेल; घाबरू नका. पाळधी सोडून एरंडोलपर्यंत जा. एका लयीत जा, मध्ये थांबू नका, आतलं पाणी जाईपर्यंत पाइप तापू द्या. उद्याच्या पूजेसाठी झेंडूची माळ येताना घ्या.