टाकलेली उष्णता

यंत्र नीट चालेनासे झाले की माणूस विचारतो, 'दोष कोणाचा?' 'दोष कोठे आहे?' हा प्रश्न त्याला नंतर सुचतो, आणि बहुधा दोन्ही प्रश्न एकच आहेत असे तो धरून चालतो. भर उन्हाळ्यात घरातला एसी कधी गार वारा देतो, कधी देत नाही, ही तशी क्षुल्लक तक्रार. पण तिचा माग काढला तर हे प्रश्न एक नाहीत असे दिसते.

भिवंडीतील टेमघरची एखादी नवी इमारत डोळ्यांपुढे आणावी. (पुण्याजवळचे धरणाचे टेमघर निराळे.) मे महिना आहे. रात्री दोनला खोलीत पांघरूण घ्यावे लागते, आणि दुपारी तीनला, नेमकी गरज असते तेव्हा, तेच यंत्र कोमट वारा घालते. बोलावलेला मेकॅनिक पुष्कळदा ठरलेले निदान करतो : गॅस कमी झाला. वास्तविक हा गॅस चुलीतल्या लाकडासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. रात्रंदिवस गारवा कमीच पडत असेल तर गॅसचा संशय रास्त. आतल्या नळ्यांवर बर्फ धरत असेल तर आधी जाळी धुवावी, मग गॅसकडे वळावे. पण रात्री ठीक आणि दुपारी नाही, असे असेल तर घरात शोधण्यात फारसा अर्थ नाही. विजेचा दाब दुपारी उतरतो का ते पाहावे, आणि खिडकीबाहेर डोकवावे.

बाहेरच्या यंत्राच्या बारीक पत्र्यांवर धुळीचा आणि, यंत्रमागांच्या या गावात, कापसाच्या तंतूंचा थर बसतो. तो धुतला की पुष्कळांचे काम भागते. ज्यांचे भागत नाही त्यांचे प्रकरण मात्र विचार करण्याजोगे आहे.

एसी थंडी निर्माण करीत नाही. तो उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतो. 'एक टन' हे त्याचे मापही बर्फावरून आलेले आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उचलण्याची ताकद. आजच्या हिशेबात ती साडेतीन किलोवॅट होते. हे काम करण्यासाठी घेतलेली सुमारे एक किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणून बाहेर साडेचार पडतात. शिवाय यंत्राची ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. आता इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये अशी आठ-दहा यंत्रे एकमेकांवर तोंड करून बसवलेली असली, की खालच्याने टाकलेली हवा वरचा ओढून घेतो. त्याच्या यंत्रापुरते बाहेर ३५ नसतात, त्याहून कितीतरी अधिक असतात. यंत्र धापा टाकते, थांबते, पुन्हा सुरू होते. प्रत्येक यंत्र निर्दोष, प्रत्येक गृहस्थ सज्जन, आणि तरी दोष आहेच.

टेमघरला उल्हास नदीचे पाणी शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाते. पाण्याच्या बाबतीत आपली नीती पक्की आहे. वरच्या मजल्यावरून कोणी खरकटे पाणी खाली फेकले तर भांडण होईल, आणि फेकणाराही मनातून शरमेल. उष्णतेला मात्र रंग नाही, वास नाही, म्हणून तिची शरमही नाही. अमेरिकेतील फीनिक्स शहराविषयीच्या २०१४ च्या एका अभ्यासात आढळले, की एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे काही ठिकाणी रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढू शकते.

यावर 'एसी ही चैनच' म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला मेमधली झोप ही चैन नव्हे. गंमत अशी, की या यंत्राचे इंग्रजी नावच कापडाच्या धंद्यातून आलेले आहे. कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी योजना केली ती कागदासाठी. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन कापडगिरणी-अभियंत्याने रूढ केला तो सुतासाठी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून हवा दमट हवी. माणसाच्या सुखाचा विचार मागाहून आला, आणि मागावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही.

म्हणून प्रश्न एसी लावावा की नाही हा नाही. टाकलेल्या उष्णतेचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा आहे. डक्टमधले यंत्र उचलून रस्त्याकडे तोंड करून बसवले, की वरच्याची तक्रार मिटते; पण समोर पत्र्याची खोली असली तर तो वारा तिच्या दारात जातो, आणि तिथे पंख्याखेरीज काही नसते. सगळी यंत्रे गच्चीवर नेता येतील. नळ्या लांबतील, खर्च वाढेल, गारवा किंचित घटेल. तो खर्च ज्याने यंत्र शेवटी घेतले त्याने द्यायचा, की ज्याने आधी घेऊन डक्ट तापवला त्याने, आणि ज्याच्याकडे यंत्रच नाही त्याला त्या सभेत बोलावायचे की नाही? सोसायटीच्या सभांत पाण्याच्या टाकीवर तासन् तास वाद होतात. डक्टमधल्या हवेचा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर सहसा येत नाही.