कुमारीच्या बांगड्या

अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत एक कुमारी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही गोष्ट आपल्या वाचकांना नवीन नाही. घरची माणसं बाहेर गेलेली आणि तिला मागणी घालायला पाहुणे दारात. त्यांच्या जेवणासाठी ती साळी कांडायला बसली, तर बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत हे पाहुण्यांना कळू नये, म्हणून एकेक करत तिने प्रत्येक हातात एकच बांगडी ठेवली. अवधूत यातून एकांत शिकला. मला मात्र हल्ली त्या मुलीचं लपवणंच जास्त आठवतं.

ती परक्यांपासून लपवत होती. आज उलटं झालंय. जळगाव-धुळ्याची पोरं पुण्याला नोकरीला लागली की त्यांचे फोटो पाचशे ओळखी-अनोळखी लोक पाहतात. पाहत नाहीत ते फक्त आईबाप, काका आणि आत्या. व्हॉट्सॲपवर तशी सोयच आहे, कोणाला स्टेटस दिसू नये ते ठरवता येतं. ही काही सोळा वर्षांची मुलं नाहीत, स्वतःच्या पगारावर जगणारी तिशीतली माणसं आहेत. भरीत पार्टीला कोण होतं, त्यात मुली किती, कोणत्या समाजाच्या, या चौकशीला तोंड देण्यापेक्षा न दाखवलेलं बरं, असं त्यांना वाटतं.

मग एखादा चुलतभाऊ त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतो. बाप फोन करतो, "रविवारी कुठे होतास रे?" मुलगा म्हणतो, "रूमवरच होतो, बाबा." झालं, खोटारडा ठरला! पण उत्तर माहीत असताना विचारलेल्या प्रश्नाला चौकशी म्हणायचं की सापळा? न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. बहुतेक वेळा एकातून दुसऱ्यात ढकलतात ते घरचेच प्रश्न.

माझी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. तिथे गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यात तसं कलमच आहे. कोणाच्या खात्यात किती, कोणाचा हप्ता थकला, सगळं डोळ्यांसमोर असायचं. खातेदाराचा सख्खा भाऊ आला तरी सांगायचं नाही. त्यावरून खातेदाराला कोणी लबाड म्हटलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. अर्थात तो खटला सरकारशी होता. आत्याविरुद्ध कोर्टात कोण जाणार?

पण बँकेत जामीनदारही असतो. कर्जदाराने हप्ते थकवले तर जामीनदाराला कळवावं लागतं, कारण वसुली त्याच्याकडूनही होते. ॲपवरून झटपट कर्ज काढणारा, ऑनलाइन पैसे लावून खेळणारा मुलगा "माझं खासगी आहे" म्हणाला तर ते मी मानणार नाही. उद्या बापाला शेत विकावं लागेल. ज्याने भार उचलायचा, त्याला आधी कळलं पाहिजे.

अवघड जागा पुढे आहे. मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा निवडलाय आणि दोन वर्षं लपवलंय. आई म्हणते, "लोक मला विचारतील, मग भार माझ्यावरच ना?" आई इथे जामीनदार आहे का? थोरलीच्या अशा लग्नामुळे धाकटीचं ठरलेलं स्थळ मोडलेलं मी पाहिलंय, त्यामुळे आईचं बोलणं हसण्यावारी नेता येत नाही. तरी मोडलं ते त्या पाहुण्यांनी. त्यांचं देणं थोरलीच्या खात्यावर कसं टाकायचं? मला ते पटत नाही. तिने सांगावं हे खरं, पण ऐकून घेईल असं एक तरी माणूस घरात हवं.

आमच्या नात्यातली अशीच एक मुलगी पहिल्यांदा आजीशी बोलली. आजीने जात विचारली नाही असं नाही, विचारलीच. पण ती शेवटी. आधी विचारलं, "तो कळण्याची भाकर खातो का गं?"