मागे राहिलेला संपादक

विद्यापीठाच्या पैशावर निघणारे वाङ्मयीन नियतकालिक नक्की कोणाचे? विद्यापीठाचे, लेखकांचे, की रात्र रात्र जागून प्रुफे तपासणाऱ्या मुलांचे? हा प्रश्न निघाला की मला शिकागो आठवते.

तिथल्या विद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी 'शिकागो रिव्ह्यू' सुरू केला. १९५८च्या शरद अंकात संपादक अर्व्हिंग रोझेंथाल यांनी विल्यम बरोज यांच्या 'नेकेड लंच' या तोवर अप्रकाशित कादंबरीचा काही भाग छापला. एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने विद्यापीठ घाण छापते अशी ओरड केली, आणि विद्यापीठाचे प्रमुख लॉरेन्स किम्प्टन यांनी पुढचा अंक अडवला. रोझेंथाल व त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. अडवलेले साहित्य १९५९च्या मार्चमध्ये 'बिग टेबल' या स्वतंत्र नियतकालिकातून बाहेर आले. टपालखात्याने त्याच्याही शेकडो प्रती जप्त केल्या. १९६० साली न्यायालयाने ते लेखन अश्लील नसल्याचा निकाल दिला.

इथवर टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते कळते. पण एक संपादक राजीनामा न देता मागे राहिले, पाक नावाचे. त्यांनी 'रिव्ह्यू' चालू ठेवला. 'बिग टेबल' पाच अंकांत आटोपले; 'रिव्ह्यू' आजही निघतो.

पाक यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण मीही मागे राहिलेलाच. बेळगावकडच्या एका कॉलेजात वार्षिक अंकाच्या मराठी विभागाचा मी विद्यार्थी-संपादक होतो. (मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन विभाग, पानांवरून कुरबुर ठरलेली.) वर्गातल्या मित्राने सीमाप्रश्नावर कविता दिली होती. 'ही वगळा, नाहीतर मराठी विभागच राहणार नाही,' असे वरून सांगण्यात आले. मी वगळली. त्या अंकात कितीतरी मराठी मुलामुलींचे लेखन पहिल्यांदा छापून आले. एकीच्या घरी तो अंक देवघराशेजारी जपून ठेवलेला मी पाहिला आहे. हे समर्थन खोटे नाही, तरी मला ते पुरत नाही. कविता माझी असती, तर विभाग वाचवायची मला एवढी घाई झाली असती का? शिकागोत जे गेले त्यांनी स्वतःची पदे सोडली. मी सोडली ती दुसऱ्याची कविता, तीही त्याला न विचारता.

अंक हातात पडल्यावर मित्राने अनुक्रमणिकेवरून दोनदा बोट फिरवले.

'जागा पुरली नाही रे,' मी म्हणालो.

त्याने अंक मिटला आणि 'चल, चहा घेऊ' म्हणाला.