मुठीतलं पेन

पेन घेताना त्याची लांबी कोणी विचारत नाही. ती धरलेलीच असते. आखूड पेन हातात आलं की पहिल्यांदा लक्षात येतं, आपण लांबीवर किती विसंबून होतो ते.

माझ्याकडचं शाईपेन टोपण काढल्यावर जेमतेम आठ सेंटीमीटर भरतं. जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास. टोपणाला आटे आहेत, पण ते मागे बसत नाही. पुण्याच्या भाच्याने गंमत म्हणून पाठवलं. आमच्या दिंद्रुड गावात गमतीच्या वस्तूला फार काळ गंमत म्हणून राहता येत नाही. परळीच्या एसटीची वाट बघत बसलेला कोणीतरी विचारतोच, "गुरुजी, पेन हाय का कशाची डबी हाय?"

रास्त प्रश्न. हौसेकडे सगळं असतं, उत्तर तेवढं नसतं.

*

जाडी हाताच्या सोयीची, आखूडपणा खिशाच्या. दोन्ही एकाच पेनात घालणारा कारागीर फार विचारी असावा, नाहीतर अगदीच बेफिकीर.

जाड पेन धरायला चिमूट आवळावी लागत नाही. सांधे धरलेल्या माणसांना जाड मुठीची पेनं देतात ती याचसाठी. आखूडपणाचं मात्र समर्थन अवघड. नेहमीचं पेन अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पाठ टेकून बसतं. आखूड पेन तिथवर पोहोचतच नाही. सगळा तोल बोटांवर येतो. जर्मनीच्या कावेको कंपनीला हे कळलं होतं. तिचं 'स्पोर्ट' पेन बंद असताना साधारण साडेदहा सेंटीमीटर, टोपण मागे खोचलं की तेरा. 1960 नंतर जपानच्या सेलर, पायलट, प्लॅटिनम या कंपन्यांनीही तेच केलं: पोट आखूड, टोपण लांब, शर्टाच्या खिशात मावेल असं. आखूड पेनाचं डोकं टोपणात असतं. माझ्या पेनाला ते नाही.

तरी एक झालं. हात कागदाच्या जवळ आला. अक्षर मोठं झालं, पानावरच्या ओळी कमी झाल्या. या पेनाने लांबलचक वाक्य लिहायला घेतलं की मध्येच बोटं विचारतात, एवढं सगळं पाहिजे का?

बहुतेक वेळा नको असतं.

*

आखूडपणा दोन तऱ्हांचा. एक कारखान्यातून आलेला, एक झिजून आलेला.

बोरू तासून तासून आखूड व्हायचा. टोक बोथटलं की चाकू, पुन्हा तिरका छेद, पुन्हा दौत. हातातल्या बोरूकडे पाहून त्याचं किती काम झालं याचा अंदाज येत असे. पेन्सिलीचं थोटूक टोपणात खोचून वापरणाऱ्या पोरालाही तो मान होता. धातूच्या निबेने ही सोय घालवली. आता झिजतो फक्त लिहिणारा.

आमच्या जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय लिहून काढलेला. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात, आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेने शाईचा हिशेब ठेवला, बोरूंचा ठेवला नाही. सव्वा लाख ओव्यांमागे तासलेल्या बोरूंचा ढीग केवढा झाला असेल? लोक लिहिणाऱ्याच्या खर्चाचं कौतुक करतात. हत्यार कोणाच्या लक्षात येत नाही.

रामदासांच्या आलं होतं. तेही मराठवाड्याचेच, जांबचे, जन्म 1608. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ग्रंथाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते आपल्याच कामी येत नाही. ब्रह्म-मायेचा निवाडा करणारा माणूस चष्म्याचा नंबर वाढणार हेही धरून चालला होता. अध्यात्मातला हा व्यवहार मला फार आवडतो.

*

लिहिणाऱ्याला वाटतं, आपण आजचं लिहितोय. वाचणारा मात्र कधी येईल सांगता येत नाही.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे कागद उर्दूत, मोडीत. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी ते कागद बस्त्यांतून बाहेर आले. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधावे लागले. कुठल्याशा कारकुनाने टाक दौतीत बुडवून एक रकाना भरला होता. त्याला घरी जायची घाई असेल. त्या एका 'कुणबी' शब्दासाठी पुढे घरंच्या घरं तहसीलच्या दारात उभी राहिली.

रकाना कधी लहान नसतो.

*

शाई थेट पोटात ड्रॉपरने भरायची, असं हे पेन. जाड असल्याने पोट मोठं. भरलेलं असतं तोवर शहाण्यासारखं वागतं. अर्धं रिकामं झालं की आतल्या मोकळ्या जागेत हवा, बाहेरून हाताची ऊब आणि वरून मे महिना. हवा फुगते, शाईला पुढे लोटते, निबेखालच्या जिभेच्या फटीतून थेंब निबेवर येतो आणि लिहिता लिहिता कागदावर टपकन पडतो. भरलेलं पेन गळत नाही, अर्धवट भरलेलं गळतं. हे सभांना गेल्यावर हमखास आठवतं.

उपाय सोपा आहे. पेन पुन्हा भरून ठेवायचं. वक्त्यांचं अवघड आहे.

*

बँकेत दोरीला बांधलेलं बॉलपेन होतं, सवयीने रिकामं. ऊसतोडीहून परतलेल्या एका मावशीने पैसे काढायच्या स्लिपवर सहीसाठी पेन मागितलं. मी कचरतच हे दिलं. तिने ते उलटंपालटं केलं, चारही बोटांनी धरलं, वरून अंगठा दाबला. निब कागदात थोडी रुतली, एक अक्षर फुटलं, एक वेलांटी शेजारच्या रकान्यात गेली. सही मात्र पुरी झाली.

"हे बरंय गुरुजी," ती म्हणाली. "हातात बसतंय. ते दुसरं सटकतंय नुसतं."

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून उचल घेताना बॉन्ड होतो. पूर्वी तो शंभराच्या स्टॅम्पपेपरवर होई, ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा दर पाचशेवर गेला. त्या कागदावर पुष्कळदा अंगठा उमटतो. आणि ज्या कागदाला अंगठा चालतो, त्याच्यावर मजकूर हमखास दाट असतो. कोयत्याची मूठ धरलेल्या हाताला बारीक बॉलपेन सापडत नाही, हा त्या हाताचा दोष कसा? आपली बहुतेक पेनं मऊ हातांसाठी केलेली आहेत, हे त्या दिवसापर्यंत मला सुचलं नव्हतं. गमतीने पाठवलेल्या वस्तूचं खरं गिऱ्हाईक भलतंच निघालं.

*

आणि अशा हातांना लिहिता येत नव्हतं म्हणून काय अडलं?

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या लाखाच्या वर भरल्या. आमच्या तालुक्याच्या गावी, माजलगावच्या भीमनगरात, 1996 मध्ये ध्वनिमुद्रण झालं. बायकांनी गायलेल्या त्या ओव्यांत बाबासाहेब होते. बहुतेक गाणाऱ्यांनी शाळा पाहिली नव्हती. म्हणजे एकीकडे सव्वा लाख ओव्या आणि ढब्बू पैशाची शाई, दुसरीकडे लाखावर ओव्या आणि शाईचा थेंब नाही.

शाई नव्हती, पण हातात काही नव्हतं असंही नाही. जात्याचा खुंटा होता. लाकडाचा, आखूड, जाड, मूठ वळेल एवढा. माझं पेन आकाराने त्याच्याच जातीचं आहे. खुंट्यावर एकदम दोन हात मावायचे, समोर बसलेल्या जावेचा किंवा लेकीचाही. पेनावर एकाचाच मावतो, आणि मग तो लेखक म्हणवतो. ओव्यांखाली नाव घालायची पद्धत नव्हती हे खरं. पण बाई ओवीतच आपलं गाव, भाऊ, सोयरे असे काही गुंफायची की नावाची गरज राहू नये. गोळा करणाऱ्यांनी मात्र गाणारणींची नावं जपली. संग्राहक बरेच होतात, हा शिष्टाचार सगळ्यांकडे नसतो.

*

या पेनाला सरकारदरबारी काम नाही. छापील फॉर्मवर सूचना असते: निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरावा. कार्बनखाली प्रत उमटवायची तर दाबून लिहावं लागतं, ते निबेला सोसत नाही. साधी निळी शाई पाण्याने पसरते, म्हणून चेकलाही नको. पोस्टकार्डावर थोडी फुटते, पण वाचता येतं. शाईची बाटली सगळीकडे मिळत नाही. माजलगावला गेलं की कॅमलची आणायची आणि पेन उन्हाळ्यात गळ्यापर्यंत भरायचं. मावशीच्या धाकट्या नातीला लिहायचंय याने. तिच्या वर्गात पेन अजून सुरू व्हायचंय, पेन्सिलच चालते, म्हणून ती माझ्या ओट्यावर येऊन लिहिते. स्वतःचं नाव, मग गावाचं. दिंद्रुडमधला 'द्रु' तिला अजून साधत नाही. ती उकार आधी काढून ठेवते.