क्षमा केली, मग विश्वास?

एका भगिनीने आम्हांला एकदा विचारले, "मी त्यांना क्षमा केली आहे. पण त्यांना यायला उशीर झाला की अजून छातीत धडधडते. मग माझी क्षमा खोटी का?"

तिच्या पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध उघडकीस आले होते. त्यांनी रडून सर्व कबूल केले. पाळकसाहेबांनी दोघांना समोर बसवून प्रार्थना केली, आणि पुढच्या रविवारी मंडळीने प्रकरण मिटले असे धरले. तिचे तेवढे मिटले नव्हते. आम्हीही त्या दिवशी "प्रार्थना करीत राहा" एवढेच म्हणालो. ते उत्तर अपुरे होते, हे आज कबूल केले पाहिजे.

क्षमा आणि विश्वास या दोन गोष्टी आपण एकच समजतो. सूड न घेणे, झालेला अपराध रोज हत्यारासारखा न उगारणे, ही क्षमा. दुखावलेले माणूस ती आपल्या मनाने देऊ शकते. विश्वास मात्र एकट्याने देता येत नाही. तो दुसऱ्याच्या वागण्यातून हळूहळू उभा राहतो. कर्ज माफ करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तिजोरीची किल्लीही द्यावी, असे कोणी म्हणत नाही.

अशा वेळी होशेयाचे उदाहरण हमखास दिले जाते. पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमेर जव देऊन त्याने स्त्रीला सोडवून आणले, इथवर आपण प्रवचनात ऐकतो. पण त्याच तिसऱ्या अध्यायातील पुढचे वचन कोण वाचतो? तेथे तो तिला पुष्कळ दिवस थांबावयास सांगतो आणि आपणही तसेच राहीन म्हणतो. घरी आणल्यावरही मध्ये वाट पाहण्याचा काळ आहे. (शिवाय तेथे क्षमा करणारा पुरुष आहे, आपण तो अध्याय बहुधा स्त्रियांनाच ऐकवितो!)

योसेफाचा तर या बाबतीत आपल्याला विसरच पडतो. स्वप्नात दूताने उलगडा करण्यापूर्वी, मरीया गर्भवती आहे याचा त्याच्यापुरता अर्थ एकच होता. तिची बेअब्रू न करता तिला गुपचूप सोडावे असे त्याने ठरविले, आणि मत्तय त्याच ठिकाणी त्याला नीतिमान म्हणतो. वेगळे होण्याचा विचार मनात आला म्हणून कोणी अनीतिमान ठरत नाही, आणि चारचौघांत अब्रू घेणे हेही नीतीत बसत नाही. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात प्रभूने हे कारण अपवाद म्हणून ठेविले आहे. अपवाद म्हणजे आज्ञा नव्हे, हेही खरे.

कायद्याचा तराजूही पुष्कळ काळ वाकडा होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरत असे. पत्नीला मात्र त्याबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने गेला. आपल्या बोलण्यातून तो गेला आहे काय? "घराकडे तुझेच लक्ष कमी पडले असेल," हे वाक्य आम्ही महिला मंडळातही ऐकले आहे.

ती भगिनी पतीबरोबरच राहिली. दुसरीने वेगळा निर्णय घेतला असता तर आम्ही तिला दोष दिला नसता. तीन वर्षांनी भेट झाली तेव्हा आम्ही धडधडीविषयी विचारले. "कमी आहे, गेलेली नाही," ती म्हणाली. "पण उशीर होणार असला की ते हल्ली आधी कळवितात. मी न विचारता."